पाठकोरा कागद

मार्च लागला की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. हल्ली त्यांच्याकडे कशालाही हेच उत्तर असतं. गुडघा वयाचा, झोप वयाची, चिडचिडही वयाचीच. पण हे दुखणं वयाचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी नववीत असल्यापासून ते माझ्यासोबत आहे. पेराच्या डाव्या बाजूला, पेन टेकतं तिथे एक घट्टा आहे. वर्षभर तो गुमान असतो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत उन्हं पांढरी व्हायला लागली, कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला गेला आणि शेजारपाजारच्या घरांतून पोरांचं पाठांतर ऐकू यायला लागलं, की त्याला जाग येते.

यंदा त्याला जागं केलं खालच्या मजल्यावरच्या ओवीनं. ओवीचं दहावीचं वर्ष. परवा भर दुपारी ती मूठभर पेनं घेऊन वर आली. माझा नुकताच डोळा लागत होता. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि उठून ते भरावं एवढं त्राण अंगात नव्हतं.

"आजी, तुम्ही इतकी वर्षं पेपर तपासले ना? मग सांगा, यातलं कोणतं जास्त काळं दिसते? आणि हाताला पण हलकं पाहिजे. आमच्या मॅडम म्हणतात, अक्षर काळंभोर असलं की तपासणाऱ्याचा मूड चांगला राहते."

मॅडमचं खोटं नाही. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि एकेक पेन चालवून पाहिलं. काय लिहावं ते सुचेना म्हणून आपलंच नाव लिहिलं. पेन तपासताना माणूस एक तर 'श्री' लिहितो, नाही तर स्वतःचं नाव. तिसरं काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. त्यातलं एक पेन असं काही चाललं, की आपण लिहितो आहोत हे हाताला कळूच नये. शाई गडद, ओली, पण पसरत नव्हती. 'हे घे,' असं म्हणता म्हणता मी सवयीनं पान उलटलं आणि दुसऱ्या बाजूनं त्यावर बोटं फिरवली.

"हे काय करून राहिल्या आजी?" ओवीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. सांगायला बसले असते तर तिचा अभ्यास बुडाला असता आणि माझी झोप. ती पेनं गोळा करून गेली. ते एक पेन मात्र माझ्याकडेच राहिलं. झोप गेली ती गेलीच.

*

कुसुमताई माझी चुलत बहीण, मोठ्या बाबांची मुलगी. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पाचपावलीत आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून होती. मोठ्या बाबांच्या पुढच्या खोलीत माग होता आणि त्याची खटखट दिवसभर दोन्ही घरांत ऐकू यायची. आमच्याकडे माग नव्हता. माझे वडील तो सोडून एका कचेरीत शिपाई म्हणून लागले होते आणि या गोष्टीचा मोठ्या बाबांना थोडा राग होता, थोडा हेवा.

ताई आठवीत असताना तिला देवी आल्या. देवी गेल्या, पण डोळे राहिले नाहीत. मी तेव्हा फार लहान होते, त्यामुळे डोळस ताई मला आठवतच नाही. मला आठवते ती मागाशेजारी चरख्यापुढे बसून कांड्या भरणारी ताई. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे फेकतात त्या धोट्यात बसवायची सुताची नळी. भरलेली कांडी टोपलीत टाकण्याआधी ती तिच्यावरून अंगठा फिरवायची. मध्येच कुठे धागा तुटून नुसता गुंडाळला गेला असेल तर अंगठा तिथे थांबायचा. मग ती दाताखाली सूत धरून गाठ मारायची. हे सगळं ती इतक्या सहज करायची, की घरातल्यांना वाटू लागलं, हिचं आयुष्य लागलं एकदाचं मार्गी.

तिला तसं वाटत नव्हतं. मध्ये काही महिने ती अंधशाळेत ब्रेल शिकायला जात होती. तिथल्या गुरुजींनी तिला सांगितलं, की तुझा आवाज स्वच्छ आहे, टेलिफोन ऑपरेटरचं काम तुला जमेल, त्याचं शिक्षणही मिळतं, पण आधी मॅट्रिक हो. तेव्हा खरं तर अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली होती. आमच्याकडे तरीही मॅट्रिकच म्हणायचे. ताईनं मोठ्या बाबांच्या मागे लकडा लावला. शेवटी ते धोटा फेकता फेकता म्हणाले,

"एक डाव बस. पास झाली तर जाय फोन ऐकाले. नाही झाली तर पुन्हा नाव काढाचं नाही. हा चरखा आहे अन् तू आहे."

म्हणजे एका परीक्षेवर सगळं होतं. हे ताईला कळत होतं, मला कळत होतं, आणि चरख्यालाही कळत असेल तर नवल नाही.

लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, असा नियम होता. मी नववीत होते, माझं अक्षर बरं होतं आणि मी घरातलीच होते. मला कोणी विचारलं नाही. वर्षभर मी तिला पुस्तकं वाचून दाखवायची, आणि फेब्रुवारी संपता संपता आम्ही लिहिण्याच्या सरावाला लागलो. वडील कचेरीतून पाठकोरे कागद आणायचे. एका बाजूला कसली तरी टंकलेली पत्रं, दुसरी बाजू कोरी. माझ्या पिढीचा अर्धा अभ्यास असल्याच कागदांवर झाला आहे.

*

पहिल्या दिवशीचं आठवतं. दुपार होती. तिवईवरच्या माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, पलीकडे मागाची खटखट. ताई सांगत होती, मी मांडीवर पाटी घेऊन, पाटीवर वर्तमानपत्राची घडी आणि तिच्यावर कागद ठेवून लिहीत होते. परिच्छेद संपला. ताईनं हात पुढे केला. मी कागद दिला. तिनं तो उलटा केला आणि मागून बोटं फिरवायला लागली, डावीकडून उजवीकडे, नंतर उजवीकडून डावीकडे, कांडी तपासावी तशी.

"इथं एक शब्द खाल्ला तू," ती म्हणाली.

मी पाहिलं. 'परंतु' राहून गेला होता.

"तुले कसं समजलं वं ताई?"

"वरची रेघ लागते ना हाताले. ती जिथं तुटते तिथं शब्द संपते. मी सांगतले त्याच्यात एक शब्द कमी आहे."

मराठी अक्षराच्या डोक्यावरच्या त्या रेघेचा असा उपयोग होईल हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. ताई शब्दन् शब्द वाचू शकत नव्हती, पण ओळी मोजायची, शब्द मोजायची, मी कुठे खोडलं आहे ते तिला कळायचं. आकड्यांचं तर विचारूच नका. आकड्यांवर रेघ नसते, प्रत्येक आकडा सुटा. मागून ते उलटे लागायचे, तरी पंधरा दिवसांत ती ते ओळखायला लागली. गणितात मी काय मांडलंय ते ती स्वतःच्या हातानं तपासू शकत होती. देवी आल्यापासून पहिल्यांदाच तिला लिहिलेलं 'दिसत' होतं, आणि त्यामुळे ती काय खूश असायची! पोरीबाळींसारखी हसायची.

हे सगळं जमत होतं ते माझ्या पेनातल्या रिफिलमुळे. ती होती जाड, पितळेची, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त. तिची शाई फिकट निळी, उन्हात वाळत घातलेल्या जुन्या लुगड्यासारखी. चालताना कर्र कर्र आवाज करायची. अक्षर उमटायला हवं तर अंगातला सगळा जोर बोटात आणावा लागायचा. त्या जोरानंच कागदाच्या पाठीवर वळ उठायचे आणि ते ताईच्या बोटांना लागायचे.

माझ्या वडिलांनी एक दिवस तो सरावाचा कागद उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय लिहिलं का पुसलं? अवं, तपासणारा सायब बी माणूस आहे. असे गठ्ठेच्या गठ्ठे पाहून तो आधीच वैतागला राहते. त्याले हे दिसलंच नाही तर तो मार्क कायचे देईन?"

झालं, तिथून रिफिलींची मोहीम सुरू झाली. संध्याकाळी ऊन उतरलं की मी आणि ताई इतवारीच्या बाजारात जायचो. ती माझं मनगट धरून चालायची. दुकानाच्या फळीवर लिहून पाहायला एक कागदाचा गठ्ठा दोऱ्यानं बांधलेला असायचा. त्यावर साऱ्या इतवारीची नावं, सह्या, गोल गोल वेटोळी आणि असंख्य 'श्री'. मी माझं नाव लिहायची आणि ताई मागून बोट फिरवायची. दुकानदार आधी बघत राहिला, मग त्याला कळलं आणि तो स्वतःच गठ्ठ्यातलं वरचं पान फाडून तिच्या हातात द्यायला लागला.

एक पांढऱ्या प्लास्टिकची बारीक रिफिल होती. काळी, पण गळकी. आमच्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत तिची शाई पातळ होऊन टोकाशी गोळा व्हायची आणि प्रत्येक अक्षराच्या शेवटी एक शेंबडा ठिपका. ती आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत डबीत घालून ठेवून पाहिली. उपयोग झाला नाही, फक्त घरात हसू झालं. एक हिरवट काळी होती, ती चालता चालता मध्येच बंद पडायची. तिला तळव्यांत घासायचं, तोंडानं मागून फुंकायचं, आणि ओठ काळे करून घ्यायचे. असल्या किती तरी. त्या महिन्यात माझ्या फ्रॉकला एक खिसा असा उरला नाही ज्याला डाग नव्हता.

आणि मग एक दिवस दुकानदारानं कप्प्यातून एक वेगळी काढली. "ये देखो बेटी, नवीन आहे. मक्खन." किमतीला चढी होती. मी नाव लिहिलं. खरंच लोणी! हाताला काही करावंच लागेना. अक्षर काळंकुट्ट, ठसठशीत, छापल्यासारखं. माझा जीव हरखून गेला. मी पान ताईला दिलं. तिनं उलटं करून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पान सुलटं करून पाहिलं, परत उलटं केलं.

"लिहिलं का तू काही?"

"लिहिलं ना. माहं नाव."

"कोरा आहे कागद," ती म्हणाली आणि तिनं पान फळीवर ठेवून दिलं.

*

घरी दोन तट पडले. वडील म्हणत, काळीच हवी. माझी आई म्हणे, काळीच हवी. मीही मनातून काळीच म्हणत होते, पण बोलत नव्हते. वडिलांनी चढा भाव देऊन ती आणलीसुद्धा. ताई एकटी पितळेच्या रिफिलीवर अडून बसली.

"तपासणाऱ्याले दोन डोळे आहेत, तो पाह्यते कसा बी," ती म्हणायची. "मले एवढंच आहे. मी काय सांगतलं अन् कागदावर काय गेलं, हे मले समजलं पाहिजे. नाही तर मंदीच्या भरवशावर बसू का मी?"

मंदी म्हणजे मी. मला वाईट वाटलं, पण तिचं काय चुकत होतं? आयुष्याचा एकच डाव, आणि तो दुसऱ्याच्या हातानं खेळायचा.

म्हणून सराव पितळेच्या रिफिलीवरच चालू राहिला. पूर्ण पेपर लिहायचे म्हणजे तीन तास आणि लेखनिक घेणाऱ्याला मिळतो तो वरचा अर्धा. चार-सहा दिवसांत माझ्या मधल्या बोटावर फोड आला. तो फुटला, त्याच्या जागी दुसरा आला. मी आईच्या जुन्या पातळाची चिंधी गुंडाळून लिहायची आणि ताईनं मनगट धरायची वेळ आली की डावा हात पुढे करायची. दुखलं की कळ कोपरापर्यंत जायची. पण सांगायची सोय नव्हती, कारण बोट दुखतं म्हटलं तर ती दुसरी मुलगी बघेल अशी मला भीती होती. आणि का कोण जाणे, मला ते काम सोडायचं नव्हतं. घरात पहिल्यांदाच कोणाचं तरी माझ्यावाचून अडत होतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आईनं कैरीचं पन्हं केलं होतं. मी ताईच्या हातात पेला दिला, आणि विसरून उजव्या हातानं दिला. तिची बोटं पेल्यावरून माझ्या बोटावर आली आणि तिथेच थांबली. तिनं पेला खाली ठेवला. चिंधी सोडवली. अंगठा फिरवून पाहिलं.

"हे काय आहे वं?"

"काही नाही."

"फोड आहे हा. आतून भरला आहे. काहून नाही सांगतलं?"

मी हात ओढून घ्यायला लागले. पलीकडे मोठ्या बाबांचा माग चालू होता. ताईनं माझं बोट सोडलं नाही. पन्ह्यावर माशी येऊन बसली.

"ती पितळेची काढ," ती शेवटी म्हणाली. "काळी लाव."

"पण ताई, तुले मग काही समजणार नाही."

"नाही समजलं तर नाही समजलं. असं बोट घेऊन तू लिहिणार आहे का साडेतीन तास?"

"गणिताले तरी पितळेची लावू. एकच दिवस."

"लाव म्हटलं ना काळी!" ती ओरडली. एवढ्या जोरात ओरडली, की मागाची खटखट थांबली. मोठ्या बाबांनी पलीकडून विचारलं, काय झालं? काही नाही, असं दोघींनी एकदमच सांगितलं.

*

परीक्षेला आम्हाला शाळेच्या टोकाची एक वेगळी खोली दिली होती. आम्ही दोघी आणि एक सुपरवायझर बाई. खिडकीबाहेर पळसाचं झाड, पानं झडलेलं, फुलंही वाळत आलेली. काळीही उन्हानं गळेल या भीतीनं ती माठाच्या वाळूतल्या डबीत घालून, डबी ओल्या रुमालात गुंडाळून आम्ही सोबत नेली होती. त्या बाईंनी ती उघडून पाहिली. त्यांना वाटलं, आत कॉपी आहे. निघाली रिफिल.

मराठीचा पेपर बरा गेला. इतिहासाचाही गेला. शाई एकदाही अडली नाही, आणि ठणका होता पण कळ नव्हती. गणिताच्या दिवशी मात्र मला पहिल्यांदा जाणवलं, की इथे मागाचा आवाज नाही. महिनाभर ताईनं त्या खटखटीच्या ठेक्यावर मला सांगितलं होतं आणि मी त्याच ठेक्यावर लिहिलं होतं. तो ठेका गेला आणि ती भरभर सांगायला लागली. टाकीचं गणित होतं, एका नळानं भरते, दुसऱ्यानं रिकामी होते. ती आकडे सांगत गेली, मी मांडत गेले. ते संपल्यावर तिचा हात आपसूक कागदाकडे आला. बाई एकदम म्हणाल्या,

"उत्तरपत्रिकेला हात लावायचा नाही. फक्त सांगायचं."

ताईनं हात मागे घेतला. तसाही त्या हाताला काही लागलं नसतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक, आणि मग ते उचलले नाहीत.

"लिहिलं?" तिनं विचारलं.

"लिहिलं."

त्यानंतर प्रत्येक पायरीला एवढंच. लिहिलं? लिहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी ताईच्या त्या हातांकडे बघायचं टाळत होते.

*

पुढे मी मास्तरीण झाले आणि अनेक वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. उन्हाळ्यात ओल्या पंच्यानं मान पुसत गठ्ठा सोडायचा, एक संपला की दुसरा. फिकट शाईचा पेपर आला की आमचे वडील आठवायचे. वैताग येतो हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. सगळं अक्षर एकसारखं दिसायला लागतं, चूक आणि बरोबर यातला फरकही पुसट होतो. मी कधी कोणाचा मार्क त्यापायी कापला नाही असं छातीठोक सांगता येणार नाही. दमलेल्या माणसाला आपण काय केलं तेही नीट आठवत नाही.

पण एक सवय लागली होती. मार्क देऊन झाले की मी पुरवणीचं शेवटचं पान उलटून बोट फिरवायची. काही पेपर मागून गुळगुळीत असत, काहींना पार भोकं पडायच्या बेताला वळ. घाबरलेली मुलं जोरात लिहितात. त्या पोरांच्या बोटांचं काय होत असेल, असं मनात यायचं आणि मग पुढचा पेपर ओढावा लागायचा.

*

ताईचा निकाल आला तेव्हा सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास. अगदी थोडक्यात गेली होती. मोठे बाबा मागावरून उतरले. त्यांनी मला समोर उभं केलं आणि ताईला विचारलं,

"खरं सांग. तुह्यं गणित पक्कं होतं, मी ऐकत होतो ना रोज. या पोरीनं घोळ केला असन. तसं असन तर सांग, तुले पुन्हा बसवतो. दुसऱ्याच्या चुकीची सजा तुले देणार नाही मी."

मी ताईचा हात धरला. मी आजवर इतकी कधीच घाबरले नाही. कारण मला माहीत नव्हतं. टाकीच्या गणितात मी आकडे नीट मांडले होते की घाईत खालीवर केले होते, हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि ताईला तर कळायला काही मार्गच नव्हता. तिनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिला दुसरा डाव मिळत होता, आयता, तोही माझ्याकडून काही हिरावून न घेता.

"नाही," ताई म्हणाली. "मी सांगतलं तेच लिहिलं तिनं. गणित माहंच चुकलं."

"तुले काय माहीत?"

"माहीत आहे मले."

मोठे बाबा परत मागावर गेले. ताई चरख्यापुढे बसली. तो अख्खा जून महिना त्या घरात कोणी परीक्षेचं नाव काढलं नाही.

पण ताई कांड्या भरता भरता गणितं सोडवायला लागली, मोठ्यानं. नफातोटा, व्याज, टाकी. रोज, दिवसभर. मोठे बाबा काही म्हणायचे नाहीत. जुलै गेला, ऑगस्ट लागला. एक दिवस ती एका हिशेबात अडखळली आणि मागावरून खटखटीबरोबर उत्तर आलं. बरोबर होतं. पुढे रोज येऊ लागलं. शेवटी एकदा ते चिडून म्हणाले, "माहं डोकं उठलं वं कुसुम. मलेच पाठ झालं सारं. भर त्या ऑक्टोबरचा फारम, अन् सोडव मले!"

मी तोवर दहावीत गेले होते, म्हणजे नियमानं बाद. ताईला शेजारची बेबी मिळाली, आठवीतली. मी काळ्या रिफिलीसोबत पितळेचीही घेऊन गेले आणि ताईला हळूच म्हटलं, बेबीचं बोट अजून नवं आहे, सरावाला तरी ही लाव, घरी तुला तपासता येईल.

"काहून?" ताई म्हणाली. "बेबीले फोड येत नाही का?"

ती पास झाली. ऑपरेटर झाली आणि निवृत्त होईपर्यंत फोनच ऐकत राहिली.

*

काल संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती आता पुतण्याकडे असते, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दोघींनाही चालवत नाही, त्यामुळे दोन गल्ल्याही लांब वाटतात. ओवीचं पेन पर्समध्ये होतं. चहा झाल्यावर मी तिच्या पुढ्यात एक पाठकोरा कागद घेऊन त्यावर माझं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिला. तिनं काही न विचारता तो उलटा केला. बोटं फिरवली.

"सपाट," ती म्हणाली. "कोणती रिफिल आहे?"

"आता रिफिल कोणी बदलत नाही ताई. संपलं की पेनच फेकतात."

"हात दे पाहू."

तिला घट्टा शोधावा लागला नाही. "हा तर अजून आहे वं," ती म्हणाली आणि त्यावर अंगठा फिरवत राहिली. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"ताई, त्या टाकीच्या गणितात मीच चुकले असेन का?"

"असशीन बी."

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल.

"मग मोठ्या बाबांसमोर तसं काहून नाही म्हटलं?"

"तुह्या बोटाले हा घट्टा तवाच पडला होता," ती म्हणाली. "तुले समोर उभं केलं अन् तू माह्या हाताले धरलं. मले हाताले लागलं ते." तिनं चाचपून कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "लिही. टाकीचं सांगते. अजून पाठ आहे मले."

तिनं आकडे सांगितले, सावकाश, कुठलाही ठेका नसताना. मी मांडत गेले. मला नीट दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि तेवढंच कारण नव्हतं. शेवटची पायरी झाली.

"लिहिलं?"

"लिहिलं," मी म्हटलं, आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो उलटून पाहिला नाही.